गरम झाली की अडते: ड्रम ब्रेक धरून राहण्याचं एक प्रकरण

"सकाळी गाडी मस्त पळते रे, पण अर्ध्या तासाने कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी होते." एवढीच तक्रार होती.

गाडी १९६०च्या दशकातली, चार दरवाज्यांची. चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून शू घासतात आणि गाडी थांबते. ब्रेकचं सर्किट एकच, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर वगैरे काही नाही. शूंना तेलाच्या दाबाने बाहेर ढकलणारे व्हील सिलिंडर पुढच्या प्रत्येक चाकात दोन, मागे एकेक. मालक माझ्याहून वीस-एक वर्षांनी मोठे, मी त्यांना काका म्हणतो. काका स्वतः हातात पाना धरत नाहीत, पण गाडीकडे त्यांचे कान असतात. अशा माणसाच्या बोलण्यात अर्धं निदान असतं, ते नीट ऐकून घ्यावं लागतं. पहिल्या वेळी मी ते घेतलं नाही.

माझ्याकडे येण्याआधी गाडी एका गॅरेजात जाऊन आली होती. तिथे चारही चाकांच्या शूंना नवं लायनिंग, म्हणजे घासणारा थर, लावलं, व्हील सिलिंडर बदलले, पेडलच्या जोराने तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरला नव्या रबरांचं किट टाकलं. एवढं झाल्यावरही ब्रेक धरतोय म्हटल्यावर उत्तर मिळालं, "नवे शू आहेत, थोडे घासतील आणि मग बसतील." नवे शू बसायला वेळ लागतो हे खरं. पण बसत असलेला शू गाडी गार असतानाही घासतो, आणि रोज थोडा थोडा कमी घासत जातो. काकांच्या गाडीचं उलटं होतं. गार असताना काही नाही, गरम झाली की अडते, आणि महिनाभरात तीळमात्र फरक नाही.

बोलता बोलता काकांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. गॅरेजातून आल्यापासून पेडल एकदम वर आलंय, पाय टेकवला की ब्रेक, आधी फार खाली जायचं. आणि हल्ली मागच्या गाड्या उगाच हॉर्न वाजवतात. पहिली गोष्ट मी गॅरेजचं कौतुक म्हणून ऐकली आणि दुसरी गप्पा म्हणून सोडून दिली.

गार गाडीवर घालवलेला दिवस

गाडी रात्रभर माझ्याकडे उभी होती. सकाळी ती उचलून चारही चाकं हाताने फिरवली. तीन चाकं मोकळी, उजवं पुढचं किंचित घासत होतं, तेही कान देऊन ऐकलं तरच. शू ड्रमपासून किती दूर राहतील ते ठरवणारे त्याचे दोन्ही ॲडजस्टर एकेक खाच मागे घेतले, तीन-चार किलोमीटर फिरवून आणली, काही तापलं नाही म्हणून परत दिली. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन, "अरे, तेच आहे. उजवं पुढचं चाक, आणि आता वासही येतोय."

माझी चूक साधी होती. ब्रेकच्या पाइपात अडकलेला दाब गाडी रात्रभर उभी राहिली की हळूहळू पाझरून जातो. सकाळी जी गाडी मी तपासली तिच्यात दोष उरलेलाच नव्हता. दुखणं संध्याकाळी उठतं आणि आपण सकाळी नाडी बघतो, तसं झालं.

इथे एक गैरसमज वाटेतून दूर करतो, कारण तो फार ऐकू येतो. "ड्रम तापला की आवळतो, म्हणून ब्रेक धरतो." ड्रम तापला की आवळत नाही, फुगतो. ओतीव लोखंडाचा २३० मिलिमीटर व्यासाचा ड्रम १०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास साधारण पाव मिलिमीटरने वाढतो, म्हणजे शूपासून तो दूर जातो. शूही थोडा वाढतो, पण ड्रमने त्याच्याभोवती आवळण्याचा प्रश्न येत नाही. तापल्यावर ब्रेक धरत असेल तर शूला कुणीतरी बाहेर ढकलतंय, एवढं पक्कं धरून चालावं. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. गरम ड्रमवर शू सेट केले तर ड्रम गार होऊन आकसला की तेच शू घासू लागतात. सेटिंग नेहमी गार ड्रमवर करायचं आणि निदान गरम गाडीवर.

रस्त्याच्या कडेला

दुसऱ्या वेळी काकांनाच गाडी चालवायला सांगितली आणि मी शेजारी बसलो. डिकीत जॅक, दोन स्टँड, चाकांना लावायच्या पाचरी, निपलचा पाना, पारदर्शक नळी, बाटली, नवं ब्रेक ऑइल आणि लांबून तापमान दाखवणारं इन्फ्रारेड थर्मामीटर. साधारण बारा किलोमीटर झाल्यावर काका म्हणाले, "धरलं." मला अजून काहीच जाणवलं नव्हतं. सपाट, मोकळी जागा बघून गाडी ब्रेक न लावता, गिअर खाली आणत थांबवली. थांबवताना ब्रेक जोरात दाबला असता तर तापमानाचे आकडे बिघडले असते.

उजवा पुढचा ड्रम १६० अंश. डावा पुढचा ८०, मागचे दोन्ही साठच्या आसपास. मी गाडीच्या मागे गेलो तेव्हा ब्रेकचे दिवे विझलेले होते. ते माझ्या नजरेला पडलं, पण त्याचा अर्थ लागायला आणखी आठवडा गेला.

मागच्या चाकांना पाचरी लावून पुढची बाजू उचलली आणि स्टँडवर टेकवली. उजवं चाक दोन्ही हातांनी ओढून जेमतेम पाव फेरा फिरलं. आता निपल, म्हणजे व्हील सिलिंडरमधलं तेल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू. ड्रम ब्रेकच्या कुठल्याही जाम प्रकरणात मी सगळ्यात आधी हे करतो, कारण पान्याच्या अर्ध्या वळणात प्रश्न दोन भागांत फुटतो. निपल सैल केल्यावर चाक मोकळं झालं तर आत तेलाचा दाब अडकला होता. नाही झालं तर दोष यांत्रिक, म्हणजे शूंना मागे ओढणारी रिटर्न स्प्रिंग, गंजलेला पिस्टन, शूमागच्या बॅकप्लेटवर खाच पडून अडकलेला शू, हँडब्रेकची केबल यांपैकी काहीतरी.

निपलला नळी लावली, बाटलीत सोडली आणि पाना फिरवला. तेल नळीतून झटक्यात पुढे धावलं, आणि काकांनी धरलेलं चाक त्यांच्या हातातच सुटलं.

इथे नवशिक्या माणसाची गफलत होऊ शकते. ड्रम ब्रेकच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये बाहेर जाणाऱ्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाय काढल्यावरही तो पाइपात थोडा दाब मुद्दाम राखून ठेवतो, साधारण अर्धा ते एक बार. व्हील सिलिंडरमधल्या रबर कपांची कड भिंतीला टेकून राहावी आणि आत हवा शिरू नये, म्हणून ही सोय. त्यामुळे चांगल्या गाडीतही निपल उघडल्यावर थोडं तेल बाहेर येतंच. पण ते पाझरतं, झेपावत नाही, आणि एवढा दाब रिटर्न स्प्रिंगांना हरवूही शकत नाही. निर्णय तेलावरून घ्यायचा नाही, चाकावरून घ्यायचा. चाक सुटलं का?

चाक सुटलं होतं. पण दाब कुठे अडकला होता, व्हील सिलिंडरपाशी, होजमध्ये की थेट मास्टर सिलिंडरपाशी? निपल बंद केला, पेडल तीन-चार वेळा दाबलं, चाक पुन्हा धरलं. या वेळी निपलला हात न लावता चासीच्या ब्रॅकेटवर जिथे लोखंडी पाइप रबरी होजला जोडतो, तो नट सैल केला. तिथून दोन-चार थेंब आले, चाक जागचं हललं नाही. नट आवळून निपल उघडला, चाक मोकळं. म्हणजे वरच्या बाजूला दाब नव्हता, खालच्या बाजूला होता. या दोन जागांच्या मधे फक्त होज आहे.

बाहेरून तो होज दृष्ट लागावा असा. भेग नाही, फुगवटा नाही. घरी नेऊन बदलल्यावर मी तो उभा चिरला. आतला रबराचा थर फुगून पोकळी जेमतेम काडी जाईल एवढी उरली होती, आणि एका जागी त्या थराची पातळ झालर सुटून आत लोंबत होती. पायाच्या जोराने तेल ती झालर ढकलून चाकाकडे जायचं. परत येताना मागे ढकलायला फक्त रिटर्न स्प्रिंग, आणि त्यांच्या जोरावर परतणारं तेल झालर तोंडाशी दाबून स्वतःचीच वाट बंद करायचं. एकाच दिशेने उघडणारं दार. होज म्हातारे झाले की असे आतून जातात, म्हणून ब्रेकच्या कामात सगळं नवं टाकून जुने होज तसेच ठेवणं ही मला नेहमीच अर्धवट काटकसर वाटत आली आहे. पुढचे दोन आणि मागच्या ॲक्सलवरचा एक, तिन्ही बदलले.

प्रकरण इथेच संपलं असं मला वाटलं होतं.

हॉर्न का वाजत होते

आठ दिवसांनी काका पुन्हा. "उजवं चाक एकदम ठीक आहे. पण लांब गेलो की आता गाडीच धरते, एक चाक नाही." आणि मग, जणू सहजच, "हॉर्न अजून वाजवतात मागचे."

या वेळी मी दुसऱ्या गाडीतून त्यांच्या मागे राहिलो. अर्धा तास काही नाही. चाळीस मिनिटांच्या सुमारास एका चढावर त्यांचे ब्रेकचे दिवे मंद लागले आणि लागलेच राहिले. चढावर ब्रेक कोण दाबेल? मीही हॉर्न वाजवणार होतो.

या काळातल्या अनेक गाड्यांत ब्रेकच्या दिव्याचा स्विच पेडलपाशी नसतो. तो पाइपांच्या चौफुलीवर बसवलेला असतो आणि तेलाच्या दाबाने चालतो. राखून ठेवलेल्या त्या एक बारने तो लागत नाही, त्याला त्याहून जास्त दाब हवा. म्हणजे कुणाचाही पाय पेडलवर नसताना मुख्य पाइपात दाब होता. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उजवं चाक जाम असताना दिवे विझलेले का होते, तेही आता कळलं. तेव्हा दाब होजच्या पलीकडे कोंडलेला होता, चौफुलीपर्यंत तो येतच नव्हता. दोष एक नव्हता, दोन होते. पहिल्या दोषामुळे काकांना अर्ध्या तासातच बहुतेक वेळा थांबावं लागायचं, त्यामुळे दुसरा क्वचितच वर यायचा. ज्या दिवशी ते नेटाने पुढे जात, त्या दिवशी मागचे हॉर्न.

सपाट जागी गाडी थांबवली. पुढचे ड्रम दोन्ही १२० च्या वर, मागचे नव्वदच्या घरात. आम्ही दोघांनी ढकलून पाहिली. मागे ढकलली तर जड, पण सरकली. पुढे ढकलली तर हलेना. हा पुढच्या ब्रेकच्या रचनेचा गुण. दोन सिलिंडरवाल्या पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू असे बसवलेले असतात की चाक पुढे फिरताना ड्रमच त्यांना ओढून आणखी घट्ट करतो. चाक उलटं फिरलं की तीच ओढ शूला सोडवते. म्हणून चारही चाकांत सारखाच दाब असला तरी पुढचे ड्रम जास्त तापतात, आणि गाडी मागे जायला कमी कुरकुरते.

दिवे लागलेलेच होते. बॉनेट उघडलं. मास्टर सिलिंडर फायरवॉलला, म्हणजे इंजिनमागच्या पत्र्याला, दोन नटांनी धरलेला. कुठलाही पाइप न उघडता ते दोन नट दोन-दोन फेरे सैल केले आणि सिलिंडर बोटांनी पुढे ओढला. मागून काका म्हणाले, "विझले." गाडी एका हाताने पुढे सरकली.

या चाचणीत काय घडतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. मास्टर सिलिंडरच्या भिंतीत, पिस्टनच्या पुढच्या रबर कपाच्या जरा पुढे, एक अगदी बारीक भोक असतं, एक मिलिमीटरही नाही. पाय काढल्यावर कप या भोकाच्या मागे जातो आणि पाइपातलं तेल ब्रेक ऑइलच्या टाकीला जोडलं जातं. तापून फुगलेलं जास्तीचं तेल याच वाटेने टाकीत परततं. पाय ठेवला की कप पुढे सरकून भोक झाकतो आणि मग दाब तयार होतो. आता समजा, पाय नसतानाही कप त्या भोकाच्या अर्ध्यावर आहे. गार गाडीत उरलेल्या फटीतून तेल कसंबसं जातं. इंजिनच्या उष्णतेने सिलिंडर तापला, रबर जरासं फुललं, की फट बंद. आता प्रत्येक ब्रेकनंतर तापणारं तेल फुगणार कुठे? शूवर. शू घासणार, ड्रम तापणार, तेल आणखी फुगणार. अशी गाडी स्वतःच स्वतःचा ब्रेक दाबत जाते.

हे घडायला तीन कारणं असू शकतात. भोक घाणीने बुजलेलं, कप चुकीच्या तेलाने फुगलेला, किंवा पिस्टनला मागे यायला जागाच नाही. पहिल्या दोन कारणांत पिस्टन आपल्या मागच्या सर्कलिपला, म्हणजे त्याला अडवणाऱ्या कडीला, टेकलेला असतो. सिलिंडर पुढे ओढल्याने त्याला काही फरक पडला नसता. इथे फरक पडला, म्हणजे पेडलचा जोर पिस्टनला पोचवणारा पुशरॉड त्याला मागे येऊ देत नव्हता. तरी खात्रीसाठी टाकीचं झाकण उघडून आतलं रबर पाहिलं. ब्रेकच्या तेलात चुकून इंजिन ऑइल किंवा ग्रीस गेलं असेल तर सगळ्यात आधी ते रबर फुगून लोळागोळा होतं, झाकणात नीट बसत नाही. इथे ते सपाट आणि कडक होतं. झाकणाचं हवेचं भोकही मोकळं होतं.

लॉकनटवरची खूण

दुसऱ्या दिवशी गाडी गार असताना मी पेडलखाली पाठीवर झोपलो. त्या अवस्थेत माणूस फार काळ राहू शकत नाही, पण बघायचं ते पहिल्या मिनिटातच दिसलं. पुशरॉडचे आटे सगळे काळपट, गंजाची साय चढलेले, आणि लॉकनटच्या अलीकडे मात्र चार आटे स्वच्छ चकचकीत. नटाच्या दोन कोपऱ्यांवर पान्याच्या ताज्या खुणा. कुणीतरी तो रॉड चार आटे लांब केला होता, आणि फार दिवसांपूर्वी नाही. पेडल बोटाने दाबून पाहिलं. मोकळी चाल शून्य.

रॉड आणि पिस्टन यांच्यामध्ये साधारण एक मिलिमीटर फट हवी. या गाडीचं पेडल पायाच्या टोकाशी रॉडच्या पाचपट हलतं, म्हणजे पायाखाली पाच मिलिमीटर मोकळी चाल. रॉड आखूड करून तेवढी ठेवली. मग टाकीचं झाकण काढून काकांना पेडल अगदी हलकं दाबायला सांगितलं. चालीच्या सुरुवातीलाच टाकीतल्या तेलावर एक छोटी उकळी उठली. ते बारीक भोकातून वर आलेलं तेल. ती उकळी दिसली की भोक उघडं आहे आणि कप त्याच्या मागे आहे, याला आणखी पुरावा लागत नाही. चेहरा मात्र टाकीवर आणू नये, जोरात दाबलं तर तेल डोळ्यात जातं, आणि रंगावर सांडलं तर रंग उचलतं.

काका पेडल दाबतच होते. त्यांचा चेहरा पडला. "अरे, हे तर आधीसारखंच खाली गेलं!"

आधीसारखंच. तेव्हा कुठे मला त्यांचं पहिल्या दिवशीचं वाक्य आठवलं. गॅरेजात गाडी मुळात पेडल खाली जातं म्हणूनच गेली होती. तिथे शू बदलले, सिलिंडर बदलले, पेडल तरीही पुरेसं वर येईना, म्हणून शेवटी कुणीतरी रॉड लांब करून ते वर आणलं. मालक खूश, काम संपलं. पेडलच्या उंचीत जे कमावलं ते तेलाच्या परतीच्या वाटेतून वजा झालं होतं. मला त्या माणसाचा राग येत नाही, कारण पेडल खाली गेल्याची तक्रार मालक त्याच दिवशी करतो आणि ब्रेक धरल्याची चाळीस मिनिटांनी, रस्त्यावर. पण खाली जाणाऱ्या पेडलला उत्तर पुशरॉडवर जवळपास कधीच नसतं.

मग पेडल खाली का जात होतं? पायाखाली ते मऊ, स्पंजासारखं नव्हतं. खाली जायचं, पण तिथे टणक थांबायचं, आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वरच थांबायचं. हवा असती तर मऊ लागलं असतं. टणक पण खोल, आणि दुसऱ्या दाबाला वर, म्हणजे शू ड्रमपासून फार दूर आहेत आणि तिथवर पोचण्यातच पेडलची चाल संपते. कुठले शू? हँडब्रेक चार खाचा ओढला आणि पेडल दाबलं. एकदम वर. हँडब्रेक फक्त मागच्या शूंना जवळ आणतो. म्हणजे मागचे.

उजवा मागचा ॲडजस्टर फिरत होता. डाव्याच्या चौकोनी डोक्याचे कोपरे पान्याने खाऊन गोल झालेले, आणि तो पूर्ण मागे जाऊन तिथेच गंजून बसलेला. ड्रम काढला तर नवं लायनिंग बऱ्याचशा भागावर जवळपास कोरं होतं. ते शू ड्रमला कसेबसे टेकत होते. हँडब्रेकची केबल मात्र शेवटच्या आट्यापर्यंत ताणून ठेवलेली, म्हणजे ढिला शू तिथेही कुणीतरी केबलने भरून काढला होता. एकाच अडलेल्या ॲडजस्टरचं ओझं दोन ठिकाणी उचललेलं, एक केबलवर, एक पुशरॉडवर.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवायची नाही, हे इथे सांगून ठेवतो. जुन्या गाड्यांच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं पिशवीत बंद करून टाकायचं.

ॲडजस्टर बॅकप्लेटवरून सोडवला, गंज सोडवणाऱ्या तेलात रात्रभर ठेवला, सकाळी गरम हवा देऊन फिरवला तेव्हा करकरत सुटला. आतल्या दोन्ही खुंट्या साफ करून उष्णता सोसणारं ब्रेकचं ग्रीस लावलं, तेही नखावर मावेल एवढंच, आणि रबरापासून लांब. डोकं गोल झालेला स्क्रू बदलला. बसवताना क्रम महत्त्वाचा. आधी हँडब्रेकची केबल पूर्ण ढिली केली. मग ॲडजस्टर चाक अडेपर्यंत आवळला, पेडल एकदा दाबून शू मधोमध बसू दिले, पुन्हा आवळला, आणि चाक जेमतेम मोकळं होईल एवढा मागे घेतला. चारही चाकांचं झाल्यावर शेवटी केबल. केबल आधी ताणली तर शू आपल्या जागी परततच नाहीत आणि पुढचं सगळं माप खोटं ठरतं.

ब्रेकचं तेलही पूर्ण बदललं. जुनं काळपट निघालं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ठरावीक पाणी शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १५५. उजव्या ड्रमने १६० दाखवले होते, हे आठवून मी काकांना तेवढं सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

पेडल आता पाच मिलिमीटर मोकळं जाऊन साधारण पाव चालीत पकडत होतं. गॅरेजने दिलं होतं तितकं वर नाही, पण दुसऱ्यांदा दाबलं तरी तिथेच.

शेवटची फेरी पंचेचाळीस किलोमीटरची काढली, त्याच चढासकट. मी पुन्हा मागे. चढावर दिवे विझलेले. वर पोचून थर्मामीटर लावला, पुढचे ड्रम ७४ आणि ७१, मागचे ५२ आणि ५४. डाव्या-उजव्यात दोन-तीन अंशांचा फरक, तो रस्त्याच्या वळणांचाही असू शकतो. गाडी सपाटीवर न्यूट्रलमध्ये सोडली तेव्हा ती बराच वेळ आपली चालतच राहिली.

परत आल्यावर लॉकनटपासून रॉडपर्यंत पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढली. नट कुणी फिरवला तर रेघ तुटेल आणि दिसेल. रंग वाळेपर्यंत काका पेडलपाशी वाकून बसले होते, एका बोटाने ते पाच मिलिमीटर पुन्हा पुन्हा दाबून बघत. "एवढंच?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एवढंच. आणि कुणी कमी करून देतो म्हणाला, तर आधी मला फोन करा."